पटावरचे मूल आणि वर्गातले मूल : बहुसांस्कृतिक प्राथमिक शाळेच्या मूल्यमापनाचा विचार

शाळेच्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे छापण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. ज्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या अक्षर आले नाही, त्या समाजाने आपल्या लेकरांचे यश अभिमानाने मिरवावे, यात गैर काहीच नाही. परंतु त्या छायाचित्रांकडे पाहताना इतिहासाच्या अभ्यासकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. या मुलांच्या शेजारी पहिलीच्या वर्गात जी मुले बसली होती, ती सर्व आज कोठे आहेत? त्यांतली किती पुढे गेली, किती मध्येच थांबली, आणि जी थांबली ती का थांबली? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक शाळांच्या दप्तरात एका ठिकाणी मिळत नाही.

म्हणूनच शाळेचे मूल्यमापन कसे करावे, हा विषय आम्ही या लेखासाठी निवडला. तो केवळ शिक्षकांचा किंवा शिक्षण विभागाचा विषय आहे, असे आम्ही मानत नाही. आपले मूल कोणत्या शाळेत घालावे, हे ठरवणारा प्रत्येक पालक शाळेचे मूल्यमापनच करीत असतो. तो ते इमारत, गणवेश आणि गळ्यातला टाय पाहून करतो, की वर्गात काय चालते हे पाहून करतो, एवढाच प्रश्न आहे.

गोडदेवचा वर्ग

हा विचार हवेत राहू नये म्हणून आम्ही भाईंदर पूर्वेच्या गोडदेवसारख्या वस्तीतली प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर ठेवली आहे. आपल्या निवासी विद्यालयात येणारी कित्येक मुले महानगराच्या कडेला वसलेल्या अशाच वस्त्यांतून येतात.

गोडदेव हे मूळचे आगरी वस्तीचे गाव. भातशेती आणि खाडीकाठची मिठागरे ही या पट्ट्याची जुनी ओळख. १९८५ साली मीरा-भाईंदर नगर परिषद स्थापन झाली आणि २००२ साली तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत १,७५,६०५ असलेली शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८,०९,३७८ झाली. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक वाढ. ही माणसे कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून आली, तशीच गुजरात, राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार आणि दक्षिणेकडूनही आली. कोणी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लागले, कोणी बांधकामावर, कोणी घरकामाला, कोणी रोज लोकलने मुंबईत नोकरीला.

महापालिका मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू अशा चार माध्यमांच्या शाळा चालवते. तरीही एकाच मराठी वर्गात घरी आगरी बोलणारे मूल असते, मालवणी बोलणारे असते, भोजपुरी, मारवाडी किंवा तेलुगू बोलणारेही असते. कोणाच्या घरात बुद्धवंदना होते, कोणाच्या घरी गणपती बसतो, कोणी रमजानचे रोजे पाळणाऱ्या घरातून येते, कोणी रविवारी चर्चला जाते. एका वर्गखोलीत इतके भारत एकत्र बसलेले असतात. अशा शाळेला बहुसांस्कृतिक म्हणतात. या शाळेची परीक्षा एकाच पट्टीने घेता येत नाही आणि पट्टी टाकूनही देता येत नाही. ती अडचण ओळखूनच पुढचा विचार करावयाचा आहे.

आपल्या परंपरेने घालून दिलेली पट्टी

शाळेचे मूल्यमापन हा शब्द नवा वाटला, तरी हा विचार आपल्या महापुरुषांनी फार पूर्वी केलेला आहे.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षण किमान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही मागणी आहे. ती सर्वांना ठाऊक असते. त्याच निवेदनात शाळा-तपासणीविषयी जे म्हटले आहे, त्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. वर्षातून एकदा तपासनीस येऊन गेल्याने शाळेचे काही भले होत नाही, शाळा निदान दर तीन महिन्यांनी तपासावी आणि एरवीही पूर्वसूचना न देता तेथे जावे, असे जोतीरावांनी सुचवले होते. तपासणीच्या दिवशी सजवलेली शाळा आणि रोजची शाळा यांत अंतर असते, हे त्यांनी स्वतः शाळा चालवून जाणलेले होते. शिष्यवृत्त्या केवळ स्पर्धेने दिल्यास ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेलेच नाही, तेथे ते पसरणार नाही, हेही त्यांनी तेथेच नोंदवले आहे. गुणांच्या स्पर्धेत जो आधीच पुढे आहे तोच पुढे राहतो, याची ही स्पष्ट जाण होती.

दुसरा पुरावा साताऱ्याचा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्ही तो पट एक दस्तऐवज मानतो. तो दस्तऐवज काय सांगतो? एक मूल शाळेत दाखल झाले, एवढेच. ते मूल वर्गात इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत होते, संध्याकाळी ते गोणपाट परत घरी न्यावे लागत होते आणि शिपाई नसला तर त्या दिवशी पाणी मिळत नव्हते, हे पट सांगत नाही. ते आपल्याला बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवले म्हणून कळते. त्या शाळेचे मूल्यमापन केवळ पटनोंदणीवर केले असते, तर सर्व मुले शाळेत समान, असाच निष्कर्ष निघाला असता.

तिसरा पुरावा १२ मार्च १९२७ चा. मुंबई विधिमंडळात शिक्षणखर्चावर बोलताना डॉ. बाबासाहेबांनी प्राथमिक शिक्षणाचा हेतूच स्पष्ट केला. शाळेच्या दारातून आत आलेले प्रत्येक मूल साक्षर होऊन, आणि जन्मभर साक्षर राहील इतके शिकूनच बाहेर पडावे, हा तो हेतू. मग त्यांनी आकडा मांडला. शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचत होती. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जात होती. बाबासाहेबांनी शाळांचे यश त्या १८ मुलांच्या गुणांवरून मोजले नाही. त्यांनी ८२ मुलांचा हिशेब मागितला.

या तिन्ही पुराव्यांतून मूल्यमापनाचे तीन प्रश्न सरळ निघतात. शाळा रोज कशी शिकवते? दाखल झालेल्या प्रत्येक मुलाने प्रत्यक्ष काय मिळवले? आणि त्या मुलाला तेथे मानाने, निर्भयपणे बसता येते काय? आजच्या परिभाषेत त्यांना अध्यापन, संपादणूक आणि स्वास्थ्य म्हणतात. आता एकेक घेऊ.

अध्यापन : मुलाच्या भाषेपासून सुरुवात

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंना वाटले की, निरनिराळ्या कुळांतून व प्रदेशांतून आलेले लोक बुद्धवचन आपापल्या बोलीत बोलतात, त्याने ते बिघडते. ते छंदस भाषेत बांधावे. तथागतांनी त्यास नकार दिला आणि धम्म आपापल्या भाषेत शिकण्यास अनुमती दिली. पुढे सम्राट अशोकानेही आपले लेख लोकांच्या प्राकृतात कोरवले आणि वायव्य सरहद्दीवर कंदाहारला ग्रीक व ॲरेमाइक भाषांत. त्या लेखांचे अवशेष भाईंदरहून वसईची खाडी ओलांडली की सोपाऱ्यास सापडले आहेत. ज्याला सांगावयाचे त्याला समजेल अशा भाषेत सांगणे, हा या भूमीतला फार जुना शैक्षणिक नियम आहे.

बहुसांस्कृतिक वर्गात हा नियम पाळणे किती अवघड असते, हे शिक्षकच जाणतो. ‘खाली’ हा साधा शब्द घ्या. ‘झाडाखाली किती फळे पडली?’ या प्रश्नात मराठी घरातल्या मुलाला दिशा दिसते. हिंदी घरातून आलेल्या मुलाच्या कानी ‘खाली’ म्हणजे रिकामे. त्याचे उत्तर चुकले तर ते गणितात कच्चे ठरते, वास्तविक चूक बेरजेत नसते. ‘चेष्टा’ म्हणजे हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘राग’ म्हणजे एका घरी गाण्याचा, दुसऱ्या घरी संतापाचा. आणि सर्वांत बोलका शब्द ‘शिक्षा’. हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण, मराठीत दंड. घरून ‘शिक्षा’ घ्यायला निघालेल्या मुलाला वर्गात यांपैकी कोणता अर्थ भेटतो, यावर त्या शाळेची किंमत ठरते.

संख्यांची नावेही अशीच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा राज्यभर मोठी चर्चा झाली. मराठी बिघडेल अशी भीती अनेकांनी व्यक्त केली. परंतु ज्या मुलाच्या घरी ‘तिरपन’ म्हणतात आणि शाळेत ‘त्रेपन्न’, त्याला पन्नास आणि तीन अशी फोड करून दाखवणे हा आधार आहे, हे अशा वर्गात शिकवणाऱ्यास समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून अध्यापनाचे मूल्यमापन करताना पाठटाचण पाहण्यापूर्वी वर्गात बसावे. कागदावर बाकांचा आराखडा काढावा आणि शिक्षकाने ज्या मुलाला प्रश्न विचारला त्याच्या जागी एक खूण करावी. तासिका संपली की कागद स्वतःच बोलतो. पुष्कळदा खुणा पुढच्या दोन-तीन बाकांवर गोळा झालेल्या असतात आणि मागच्या कोपऱ्यात एकही नसते. त्या कोपऱ्यात कोण बसले आहे, त्यांच्या घरची भाषा कोणती, त्यांना तेथे कोणी बसवले, हे पुढचे प्रश्न. याखेरीज तीन गोष्टी पाहाव्यात. मुलाने घरच्या बोलीत उत्तर दिले तर शिक्षक ते स्वीकारून मग प्रमाण मराठी शब्द देतो, की आधी हसू होऊ देतो? चुकलेल्या उत्तरामागचे कारण तो शोधतो काय? मागे राहिलेल्या मुलासाठी वेगळा वेळ ठेवतो काय?

हे सारे शिक्षकाच्या सौजन्यावर सोडलेले नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पारखून त्याला आवश्यक ते जादा अध्यापन देणे, हे त्याच्या कलम २४ नुसार शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण, भीतीपासून व दडपणापासून मुक्त वातावरण आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन यांचा निर्देश आहे. प्राथमिक स्तरावर साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक असावा, हेही त्याच कायद्यात आहे. शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवून, उरलेल्यांना बिगरशैक्षणिक कामांना जुंपून अध्यापनाचा दोष एकट्या शिक्षकावर टाकणे न्यायाचे होणार नाही. मूल्यमापन करणाऱ्याने हा हिशेबही मांडला पाहिजे.

संपादणूक : कोठून निघाले, कोठे पोहोचले

संपादणूक म्हणजे मुलाने प्रत्यक्ष काय मिळवले. येथे सर्वांत मोठी फसवणूक सरासरी करते.

समजा, एका वर्गात दोन मुले आहेत. एक मूल बालवाडी करून, अक्षरे ओळखून पहिलीत आले. दुसरे मूल गावाहून थेट आले. त्याला मराठीचे चार शब्दही येत नव्हते. तिसरीच्या अखेरीस पहिल्याला ८० गुण मिळाले, दुसऱ्याला ५५. प्रगतिपत्रक पाहणारा म्हणेल, पहिले हुशार. परंतु शाळेने कोणाला अधिक शिकवले, असे विचारले तर उत्तर बदलते. दुसरे मूल तीन वर्षांत एक भाषा शिकले आणि त्या भाषेतून गणितही शिकले. शाळेच्या कामाचे मोजमाप निघाल्या जागेपासून पोहोचल्या जागेपर्यंतचे अंतर हे आहे. यासाठीच वर्षारंभी पायाभूत चाचणी आणि नंतर संकलित चाचण्या घेतल्या जातात. पण त्यांचे गुण ऑनलाइन भरून झाले की अनेक ठिकाणी त्यांचा उपयोग संपतो. मुलाच्या नावासमोर पहिली व शेवटची चाचणी शेजारी शेजारी लिहिली, तरच त्या चाचणीला अर्थ येतो.

मोठी सर्वेक्षणे उपयुक्त आहेत, पण त्यांची मर्यादा पालकांनी समजून घ्यावी. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी देशभर राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण तिसरी, पाचवी, आठवी व दहावीसाठी झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ‘परख’ सर्वेक्षण तिसरी, सहावी व नववीसाठी झाले. ही सर्वेक्षणे नमुन्यावर आधारलेली असतात. ती राज्याचे व जिल्ह्याचे चित्र देतात, गल्लीतल्या शाळेचे देत नाहीत. ‘असर’ या नावाने २००५ पासून प्रसिद्ध होणारा वाचन-गणिताचा अहवाल ग्रामीण भागापुरता आहे. गोडदेव त्याच्या कक्षेत येत नाही. तेव्हा शहराच्या कडेच्या शाळेचे खरे मोजमाप शाळेने आणि पालकांनी स्वतःच केले पाहिजे. त्याची रीत ‘असर’नेच दाखवली आहे. मुलापुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवावा आणि वाचायला सांगावे. त्याला समजले काय, हे आपण दोन प्रश्न विचारून पाहावे. याला ना पदवी लागते ना पैसा.

दुसरी फसवणूक गळतीच्या आकड्यात असते. भाईंदरचे भाडे परवडेनासे झाले की कुटुंब नालासोपारा-विरारकडे सरकते. काम संपले की गावी परतते. मूल एके दिवशी वर्गात दिसेनासे होते. ते दुसऱ्या शाळेत गेले की कायमचे बाहेर पडले? पटावर दोघांची नोंद सारखीच दिसू शकते. येथे पालकांनी कायदा जाणून घ्यावा. हक्क अधिनियमाच्या कलम ५ नुसार दाखला मिळायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून दुसरी शाळा प्रवेश नाकारू वा लांबवू शकत नाही. आणि कलम ४ नुसार मध्येच शिक्षण सुटलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात घेऊन जादा शिकवणे त्याला मिळाले पाहिजे. शाळेच्या बाजूने एकच गोष्ट पुरे आहे. गेलेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांना फोन करावा आणि पुढच्या शाळेचे नाव पटावर लिहावे. ते नाव जोवर लिहिले जात नाही, तोवर ते मूल बाबासाहेबांच्या ८२ मध्येच मोजावे.

शिष्यवृत्ती परीक्षेतल्या यशाबाबतही हाच विवेक हवा. किती मुले गुणवत्ता यादीत आली, यासोबत किती मुलांना परीक्षेला बसवले, हेही विचारावे. निवडक पाच मुलांची तयारी करून घेऊन उरलेल्या पंचवीस जणांना फळ्यावरचे उतरवून घ्यायला सांगणारी शाळा यशस्वी ठरवता येणार नाही.

मग चांगल्या संपादणुकीचे उदाहरण कोणते? जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळांतील मुलींची १८५२ साली पुण्यात जाहीर परीक्षा झाली, तिचा मोठा गौरव झाला. परंतु त्या शाळेचा सर्वांत मोठा पुरावा आम्ही त्या परीक्षेत शोधत नाही. तो १८५५ सालच्या ‘ज्ञानोदय’मध्ये आहे. मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मातंग समाजातील विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध तेथे प्रसिद्ध झाला. जिला अक्षराची बंदी होती, ती मुलगी शाळेत काही वर्षे घालवून धर्माला आणि समाजव्यवस्थेला प्रश्न विचारू लागली. शिकलेले मूल स्वतःच्या जगण्याविषयी स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहू शकते काय, ही संपादणुकीची अंतिम कसोटी आहे.

स्वास्थ्य : जागा, पाणी, डबा आणि नाव

स्वास्थ्य म्हटले की आपण उंची, वजन आणि आरोग्य तपासणी एवढेच समजतो. ते हवेच. पण साताऱ्याच्या गोणपाटाने आपल्याला आणखी काही शिकवले आहे. मूल कोठे बसते, पाणी कोठून पिते, कोणाबरोबर जेवते आणि त्याला कोणत्या नावाने हाक मारली जाते, या चार गोष्टी त्याचे स्वास्थ्य ठरवतात.

आज गोणपाट दिसत नाही. परंतु आडनाव विचारून जात ताडण्याची सवय गेलेली नाही. परप्रांतातून आलेल्या मुलाला प्रांताच्या नावाने हाका मारणे, आगरी किंवा मालवणी हेल काढणाऱ्या मुलीची नक्कल करणे, डब्यातल्या पदार्थावरून नाक मुरडणे, एखाद्याच्या धर्मावरून सणाच्या दिवशी टोमणा मारणे, हे ‘मुलांचे खेळ’ म्हणून सोडून दिले जाते. ज्याच्यावर ते होते ते मूल वर्गात हात वर करणे थांबवते. मग ते अबोल आहे, अभ्यासात लक्ष नाही, असा शेरा त्याच्या नोंदीत येतो. अशा रीतीने स्वास्थ्याचा प्रश्न संपादणुकीच्या रकान्यात लपून बसतो. कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

मुलांना एकत्र बसवणे हे आपोआप घडत नाही. ते कोणीतरी घडवून आणावे लागते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. तेवढ्याने भागणार नाही हे ओळखून १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. सहजीवनाचा पाठ पुस्तकात नव्हता, तो पंगतीत होता. निवासी विद्यालयाला हा वारसा विशेष लागू पडतो, कारण आपल्याकडे मूल दिवसाचे पाच तास नव्हे, चोवीस तास असते. त्याला घरची आठवण येते तेव्हा ते कोणाकडे जाते? रात्री दुखले-खुपले तर कोणाला उठवते? मोठी मुले लहानांकडून कामे करून घेतात काय? मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे काय? तक्रारपेटी आहे, तर ती कोण उघडतो? सखी सावित्री समितीची बैठक प्रत्यक्षात होते, की केवळ इतिवृत्तात? हे प्रश्न कोणावर संशय घेण्यासाठी नाहीत. मूल आपल्या हवाली करून निश्चिंत झालेल्या आईबापांना त्यांची उत्तरे मागण्याचा अधिकार आहे.

स्वास्थ्य मोजण्याचे साधन सोपे आहे. मुलांना विचारावे, पण त्यांच्या वर्गशिक्षकाने किंवा अधीक्षकांनी नव्हे, ज्याचा त्यांना धाक नाही अशा व्यक्तीने. ‘शेजारी कोणाला बसवायला आवडेल?’ या प्रश्नाची सर्व मुलांची उत्तरे एकत्र केली की ज्याचे नाव कोणीच घेतले नाही, ते मूल सापडते. शाळेचे पुढचे काम त्या मुलापासून सुरू होते.

आरसा

केंद्र शासनाच्या ‘शाळासिद्धी’ कार्यक्रमात शाळेच्या स्वयंमूल्यमापनासाठी सात क्षेत्रे दिली आहेत. त्यांत अध्ययन-अध्यापन, विद्यार्थ्यांची प्रगती, समावेशन-आरोग्य-सुरक्षा आणि समाजाचा सहभाग यांचा समावेश आहे. आराखडा चांगला आहे. पण स्वयंमूल्यमापनात स्वतःलाच वरची श्रेणी देऊन मोकळे होण्याचा मोह मोठा असतो.

येथे तथागतांनी राहुलाला केलेला उपदेश आठवतो. आरसा कशासाठी असतो, असे त्यांनी विचारले. पाहण्यासाठी, असे राहुलाने उत्तर दिले. तसेच कृती करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पुन्हा पुन्हा पाहावे, तिने स्वतःला वा इतरांना दुःख होते काय हे तपासावे, असे तथागतांनी सांगितले. आधी पाहणे म्हणजे पायाभूत चाचणी, करताना पाहणे म्हणजे आकारिक मूल्यमापन, नंतर पाहणे म्हणजे संकलित मूल्यमापन, असे आम्ही शिक्षकांना नेहमी सांगतो. पण त्या उपदेशाचा गाभा दुःख होते काय, या प्रश्नात आहे. आपल्या शाळेमुळे एखाद्या मुलाला दुःख होत असेल, तर निकाल कितीही उजळ असला तरी आरशात ते दिसलेच पाहिजे.

तिन्ही नोंदी एकत्र वाचल्या तरच आरसा पूर्ण होतो. मुले आनंदी आहेत पण तिसरीत वाचता येत नाही, ही शाळा मुलांची फसवणूक करते. पुढे आयुष्यात त्याची किंमत गरिबाचे मूलच मोजते. निकाल उत्तम आहे पण मागच्या बाकावरचे मूल वर्षभर बोललेले नाही, ही शाळाही अपुरी. शिक्षक जीव तोडून शिकवतो पण दरवर्षी दहा मुले कोठे जातात हे कोणाला ठाऊक नाही, ही शाळा भोके पडलेल्या घागरीने पाणी भरते.

आपल्यासाठी चार सूचना

एक. संस्थेने दरवर्षी एक साधा तक्ता तयार करावा : अमुक वर्षी किती मुले दाखल झाली, त्यांतील किती आज शिकत आहेत, किती दाखला घेऊन गेली, किती जणांचा पत्ता नाही. मुले व मुली वेगळी दाखवावीत. दहावीचा निकाल या तक्त्याच्या शेजारी छापावा.

दोन. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असा नियम आहे. गोडदेवपासून गावाकडच्या शाळेपर्यंत आपल्या आयाबहिणींनी त्या जागा भराव्यात. सभेत केवळ सही करून येऊ नये. एखाद्या मुलाला पुस्तक उघडून वाचायला सांगावे.

तीन. माजी विद्यार्थ्यांनी देणगीबरोबर आपला एक दिवसही द्यावा. व्यवस्थापनाने त्यास आधीच संमती देऊन ठेवावी, मात्र भेटीची तारीख कोणाला कळवू नये. जोतीरावांनी १८८२ साली जी अपेक्षा केली, ती आपण आपल्याच शाळेत पूर्ण करावी. त्या दिवशी मुलांसोबत जेवावे, वर्गात मागच्या बाकावर बसावे आणि पाहिलेले लिहून द्यावे.

चार. मुलांकडून वर्षातून एकदा, नाव न लिहिता, घरच्या बोलीत लिहिले तरी चालेल असे सांगून, ‘माझी शाळा मला कशी वाटते’ यावर लिहून घ्यावे. ते कपाटात ठेवू नये. शिक्षक, अधीक्षक आणि विश्वस्त यांनी एकत्र बसून ते मोठ्याने वाचावे.

या चारही गोष्टींना इमारत निधी लागत नाही. त्यांना लागते ती पाहण्याची तयारी. ‘एहि पस्सिको’, या आणि पाहा, असे सांगणाऱ्या धम्माच्या नावाने चालणाऱ्या संस्थेला ती अवघड वाटू नये. पुढील स्मरणिकेत गुणवंतांच्या छायाचित्रांच्या पानासमोर तो पहिला तक्ता छापलेला असावा, आणि त्यातील शेवटच्या रकान्यातली मुले शोधायला निघालेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे त्याखाली असावीत, अशी आमची विनंती आहे.